बुधवारचा डबा

नातीने कॉलेज बदललं. डब्लिनचं सोडून गॉलवेचं धरलं, आणि जाताना जुन्या कॉलेजातल्या मुलींच्या टोळीतून बाहेर पडली. बाहेर पडली म्हणजे काय, तर सोफ्यावर लोळत फोनवरच्या त्यांच्या ग्रुपमधून निघायला अंगठा दाबला. मी समोरच लसूण सोलत बसले होते. मला वाटलं आता डोळे भरून येतील, निदान एखादा उसासा तरी टाकेल. तिने फोन उलटा ठेवला आणि प्रेसमध्ये बिस्किटं आहेत का म्हणून विचारलं. इथे वाढलेल्या पोरांना कपाट म्हटलेलं कळत नाही, प्रेस म्हणावं लागतं.

“बस? झालं? सुटलीस?” मी विचारलं.

“आजी, इट्स ग्रँड,” ती म्हणाली. इथे ‘ठीक आहे’ला ग्रँड म्हणतात. तिला माझं सगळं मराठी कळतं, फक्त तिच्या तोंडातून ते बाहेर येत नाही.

मला इतका हेवा वाटला तिचा, की लसणाची एक अख्खी पाकळी सालासकट वाटीत गेली. कारण एकेकाळी मीही कॉलेज बदललं होतं. याच देशात, पंचेचाळिशी उलटल्यावर. आणि मीही बायकांच्या एका मंडळातून बाहेर पडायला निघाले होते. अजून निघतेच आहे.

मंडळ ताईंचं होतं. ताईंचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी ते त्यांना वाचून दाखवणार, आणि मग मला फोन येणार की नावामागे यजमानांचं, डॉक्टरांचं नाव का लावलं नाहीस, किंवा लावलं असेल तर का लावलंस.

तेव्हा आम्ही लेटरकेनीला होतो, देशाच्या पार वरच्या टोकाला, डोनेगॉल भागात. माझा नवरा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, मुलगा पुण्यात हॉस्टेलवर, आणि मी भाड्याच्या घराच्या खिडकीत, बाहेरच्या मेंढ्यांकडे बघत. मेंढ्या माझ्याकडे बघायच्या. या बघण्याचा शेवट काय होणार हे ओळखून नवऱ्याने मला गावातल्या कॉलेजात ऑफिसकामाच्या दोन वर्षांच्या कोर्सला घातलं. वर्गात सगळ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या डोनेगॉलच्या मुली, आणि मागच्या बाकांवर आम्ही पाच डॉक्टरांच्या बायका: एक सुदानची, एक लाहोरची, एक केरळची, मी, आणि अमरावतीकडच्या ताई. ताई माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठ्या. त्यांचे डॉक्टर तिथे कायमचे लागलेले सर्जन होते. माणूस इतका मितभाषी, की घरातलं बोलण्याचं खातं पूर्णपणे ताईंकडे होतं, आणि ते खातं एका घरात मावत नव्हतं.

ताई साडी नेसायच्या, साडीखाली शेतकऱ्यांचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालायच्या आणि वरून डॉक्टरांचा जुना कोट. छत्री हातात कायम, पण मिटलेली. उघडत का नाही विचारलं तर म्हणायच्या, “उघडली का वाऱ्याले काम भेटते.” बसच्या ड्रायव्हरशी त्या वऱ्हाडीत बोलायच्या, तो त्याच्या डोनेगॉलच्या इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि थांबा नसलेल्या ठिकाणी, बरोबर त्यांच्या फाटकापाशी बस उभी राहायची.

आणि मी? तेव्हाची मी म्हणजे तिकीट लावून दाखवावी अशी वस्तू होते. बिस्किटी रंगाचा रेनकोट घेतला होता. केस मानेपर्यंत कापले होते. आरशासमोर उभी राहून ‘ग्रँड’ म्हणायचा सराव करायचे, आणि बसमध्ये चढले की घाबरून ‘थँक यू सर’ म्हणायचे. तो ड्रायव्हर माझ्यासाठी कधी थांब्यावरसुद्धा नीट थांबला नाही.

मंडळाचा नियम एकच होता. मधल्या सुटीत खायचा डबा रोज एकीने आणायचा. सोमवार सुदानचा, मंगळवार लाहोरचा, बुधवार माझा, गुरुवार केरळचा, शुक्रवार ताईंचा. कँटीनमध्ये हीटरला लागून एक टेबल होतं, ते ताईंनी पहिल्याच आठवड्यात धरलं. डबा आणला नाही तर चालायचं नाही. दाताच्या दवाखान्यातून थेट सुजलेला गाल घेऊन मी एकदा नारळाच्या वड्या पोचवल्या आहेत. मला एकही खाता आली नाही. ताईंनी माझ्या वाटणीची खाल्ली आणि साखर जास्त झाल्याचं सांगितलं.

मग जानेवारीत नवऱ्याची बदली किलकेनीला झाली. इथे ज्युनिअर डॉक्टर दर जुलैला नाहीतर जानेवारीला उचलून दुसरीकडे ठेवतात, त्यात नवल नाही. देशाच्या एका टोकापासून जवळपास दुसऱ्या टोकाला जायचं होतं. कॉलेजही बदललं. निरोपाच्या दिवशी मी ताईंना म्हटलं, येते हं, मंडळाची फार आठवण येईल. मनात म्हटलं, सुटले.

“मंडळातून जात कोणी नसते माय,” ताई म्हणाल्या. “लांब बसते फक्त.”

आणि निघताना त्यांनी एक स्टीलचा डबा हातात दिला, लाल काठाच्या फडक्यात बांधलेला. आत लाडू. मला तो भेटीचा वाटला. किलकेनीला पोचून दोन दिवस झाले, तर सकाळी साडेसातला ताईंचा फोन. बुधवार माझा आहे, सोमवारी पोस्टात टाकलं की पोचतं, पोस्टातल्या पोरीला विचारून ठेवलंय.

मी म्हणू शकले असते की ताई, मी आता त्या कॉलेजात नाही. पण डबा त्यांचा होता. आता रिकामा डबा कोणी परत करतं का? माझ्या आईने शेजारणीची वाटीसुद्धा कधी रिकामी परत केली नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. म्हणून मी, बिस्किटी रेनकोटवाली विदुषी, त्यात शंकरपाळे भरून पाठवले आणि समजले की हिशेब मिटला. शनिवारी डबा परत आला. आत शेव. कारण ताईंच्या आईनेही त्यांना तेच शिकवलेलं.

असं करत करत महिने गेले. शनिवारी डबा यायचा, रविवारी मी तळायचे, सोमवारी पोस्टात टाकायचे, आणि बुधवारी, सुटीच्या वेळेला, ताईंचा फोन यायचा. तो फोन हा एक वेगळाच छळ. त्या नमस्कार-चमत्कार काही करायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, “ऐक.” मग फोनच्या अगदी जवळ चकली चावायच्या. कुर्रकन आवाज आला तर, “बरी हाय.” नाही आला तर, “मऊ.” पोह्याचा चिवडा तर कधी पासच झाला नाही. इथली हवा अशी ओली, की तो वाटेतलं स्लायगो यायच्या आत मान टाकायचा. मी नव्या कॉलेजच्या जिन्यात उभी राहून, कानाला फोन लावून, दुसऱ्या बाईच्या दाढांचा आवाज ऐकत असायचे, आणि येणारी-जाणारी माणसं आदराने बाजूने जायची. त्यांना वाटायचं, घरून काहीतरी वाईट बातमी आहे.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण किलकेनीच्या वर्गात माझ्या वयाच्या चार बायका होत्या, आयरिशच, आणि त्या दर रविवारी दुपारी किल्ल्याच्या बागेतून नदीकाठाने फिरायला जायच्या. मला बोलावलं. मी म्हटलं, रविवारी जमत नाही. दुसऱ्यांदा बोलावलं. मी म्हटलं, रविवारी जरा काम असतं. काय काम ते मी सांगितलं नाही, कारण मी त्यांना दुपारी सँडविच खाऊन दाखवणारी बाई होते. घरी भाजणी मळून तिला सोऱ्यात दाबते हे कळलं असतं तर माझ्या रेनकोटाचा काय उपयोग? तिसऱ्यांदा त्यांनी बोलावलंच नाही. सोमवारी वर्गात त्या रविवारच्या काहीतरी गमतीवर हसत होत्या आणि मीही हसले, न कळता. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की या डब्यापायी या गावात माझं कोणी होणार नाही, आणि मी राजीनामा देणार आहे.

“डब्याचा?” तो म्हणाला.

“मंडळाचा. या वेळी डबा रिकामा परत करणार. समजतील काय ते.”

“मग पाठव की पोस्टाने.”

“रिकामा डबा पोस्टाने पाठवू? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक?” त्याने विचारलं.

नशिबाने ऑक्टोबरात त्याला जुन्या कन्सल्टंटची एक सही घ्यायला लेटरकेनीला जायचं होतं. मी त्या रविवारी कढई काढलीच नाही. मंगळवारी त्याच्याबरोबर गाडीत बसले, मांडीवर डबा, धुतलेला, पुसलेला, फडक्यात घट्ट बांधलेला. ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर भागातून रस्ता जवळचा पडतो, पण तो दुसरा देश, त्याचा व्हिसा आमच्याकडे नव्हता, म्हणून आम्ही स्लायगोवरून लांबचा फेरा घातला. वाटभर मी राजीनाम्याचं भाषण पाठ करत होते, इंग्रजीत. मराठीत करून पाहिलं, पण पहिल्या वाक्यात ‘ताई’ म्हटलं की पुढचं वाक्यच यायचं नाही. इंग्रजीत ‘आय रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ असं छान सुरू होत होतं. नवरा म्हणाला, एवढ्या भाषणात मी नोकरी सोडली असती, बायको सोडली असती आणि देशही सोडला असता.

बुधवारी सुटीच्या वेळेला त्याने मला कॉलेजच्या दारात सोडलं. मी रेनकोट सारखा केला आणि आत गेले. मनात चित्र तयार होतं: हीटरजवळचं टेबल, त्याभोवती चौघी, माझी खुर्ची रिकामी. चौघींसमोर डबा ठेवायचा, दोन वाक्यं बोलायची आणि वळायचं.

टेबल होतं. ताई होत्या. कोट, बूट, सगळं जागच्या जागी. पण सुदान नव्हती, लाहोर नव्हती, केरळ नव्हती. त्यांच्या जागी तीन डोनेगॉलच्या पोरी आणि कँटीनमधली सूप वाढणारी पिकल्या केसांची बाई बसली होती. मधोमध एक बशी होती, तिच्यात कागदी रुमाल अंथरलेला, आणि रुमालावर काहीही नव्हतं. त्या बशीकडे बघत बसल्या होत्या सगळ्या.

त्यातल्या एका ठिपकेदार नाकाच्या पोरीचं लक्ष माझ्या हातातल्या फडक्याकडे गेलं. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“आर यू वेन्सडे?” ती म्हणाली.

मला काही समजेना. पण ती उठली, तिने मला स्वतःची खुर्ची दिली, आणि पलीकडच्या टेबलाला सांगितलं की वेन्सडे आलीय. पलीकडच्या टेबलाने त्याच्या पलीकडच्या टेबलाला सांगितलं. माणसं वळून बघायला लागली. सूपवाल्या बाईने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि चकलीला ते काटे कसे येतात हे तिला कधीपासून विचारायचं होतं, असं म्हणाली.

मग त्या पोरीनेच मला सगळं सांगितलं, मला माहीत असणारच अशा समजुतीने. जुलैत सगळ्यांच्या नवऱ्यांच्या बदल्या झाल्या. मंडे आता कॉर्कला असते, तिला जुळं झालंय. ट्यूसडे गॉलवेला, गाडी शिकते आणि दर वेळी परीक्षेत नापास होते. थर्सडे लिमरिकला, तिचे वडील आजारी आहेत, म्हणून गेल्या वेळचा हलवा जरा लागला होता, पण कोणी काही बोललं नाही. आणि वेन्सडे किलकेनीला, किल्ल्यापाशी. तिचा मुलगा हॉस्टेलवर आहे, तो ज्या आठवड्यात फोन करत नाही, त्या आठवड्यात चकलीचे वेढे फार घट्ट असतात.

मी ताईंकडे बघितलं. वेढ्यांचं मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

तोवर पोरींचे हात डब्याकडे निघाले होते. ताईंनी तो त्यांच्या आधी उचलला. उचलला, आणि नुसता धरून राहिल्या. आयुष्यभर डबे उचललेली बाई ती. फडकं सोडायची गरजच नव्हती.

“रिकामा आणला व्हय?” त्या हळूच म्हणाल्या. पोरींना मराठी कळत नव्हतं. आमच्या दोघींचं बोलणं चारचौघांत असूनही बंद खोलीत चालावं तसं चाललं होतं.

“हो,” मी म्हटलं.

“बरं केलं, हातानं आणला. पोस्टानं पाठवला असता तर यायच्यासमोर उघडला असता मी.”

आणि डबा त्यांनी मांडीवर ठेवला, वरून कोट ओढला आणि पोरींना त्यांच्या इंग्रजीत सांगितलं की आज वेन्सडे स्वतः आलेली आहे, आज डब्याचं काम नाही, आज प्रश्न विचारा. पोरींनी विचारले. सोऱ्या म्हणजे काय, तेल केवढं, भाजणीत काय काय. मी हातवारे करून सांगत होते. ती अख्खी सुटी मी लेटरकेनीतली सगळ्यात प्रसिद्ध बाई होते. किलकेनीत मला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं, आणि इथे मी एक पूर्ण वार होते.

घंटा झाली. ताईंनी डबा वर काढला, फडकं सोडलं आणि पोरींना म्हणाल्या, ही लांबून आली आहे, हिचा डबा रिकामा जाता कामा नये. हा आमचा रिवाज त्यांना कसा कळला, कोण जाणे, पण पोरींनी आपापल्या पिशव्या उलट्या केल्या. बटाट्याच्या क्रिस्प्सचं अर्धं पाकीट, एक सफरचंद, दोन चॉकलेटं, आणि सूपवाल्या बाईने कागदात गुंडाळून लोणी लावलेला गरम स्कोन, म्हणजे इथला गोडसर पाव. ताईंनी झाकण दाबून बसवलं.

दारापर्यंत त्या मला सोडायला आल्या, मिटलेली छत्री घेऊन. मी तोंड उघडलं. ‘आय रिग्रेट’ जिभेवर होतं.

“ताई, मला जरा बोलायचं होतं.”

“मले माहीत हाय काय बोलायचं ते. नको बोलू.” त्या बाहेरच्या पावसाकडे बघत होत्या. “सगळ्या गेल्या म्हणून मी एकटी बसते असं वाटते लोकाईले. एकटी नाई बसत मी. पाच जणी बसतो आम्ही.”

मी रेनकोटाची बटणं लावू लागले.

“तू नाई पाठवलं तर मंगळवारनंतर सरळ गुरुवार येईन,” त्या म्हणाल्या. “कसं करू मी?”

आणि माझ्याकडून उत्तर यायच्या आत, नेहमीच्या आवाजात, “अन् चिवडा नको पाठवू. पैसे वाया.”

गाडीत बसले. नवऱ्याने विचारलं, “दिलास राजीनामा?” मी डबा उघडला आणि त्याच्या हातात स्कोन दिला. त्याने तो खाल्ला, बोटं पुसली, गाडी सुरू केली आणि म्हणाला, म्हणजे रविवारी तळण आहे तर. मला इतका संताप आला, की स्लायगोपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. संताप त्याचा नव्हता. पाच तास जाऊन, भाषण पाठ करून, मी पुढच्या बुधवारची हमी देऊन परत येत होते, आणि हमी मागितलीही नव्हती कोणी.

पुढच्या रविवारी मी दोन घाणे जास्त तळले. सोमवारी सँडविचऐवजी त्या जास्तीच्या चकल्या किलकेनीच्या वर्गातल्या त्या बायकांसमोर ठेवल्या आणि म्हटलं, रविवारी मी हे करत असते, म्हणून येता येत नाही. त्या सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं होतं मला त्या आवडत नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी फिरणं आटपून चौघीही माझ्या स्वयंपाकघरात, ओल्या बुटांनी. एकीचे हात गाई-मेंढ्यांत वाढलेले, तिने सोऱ्या असा पिळला की मूठच वाकली. त्या चकल्या मी मोठ्या अभिमानाने लेटरकेनीला पाठवल्या. बुधवारी फोन आला. “ऐक.” कुर्र. मग पुन्हा कुर्र.

“ही तुह्या हातची नाई,” ताई म्हणाल्या. “कोणाले बसवलं माह्या बुधवारी?”

मी सांगितलं. वाटलं, खूश होतील, त्यांच्याच मंडळाची शाखा निघाली किलकेनीत. त्या म्हणाल्या, बसव कोणाले बसवायचं ते, पण मीठ तू घाल.

कोर्स संपला, तरी ताईंनी ते टेबल सोडलं नाही. पुढच्या वर्षी बागकामाला नाव घातलं, मग बालसंगोपनाला, मग मेकॅनिकच्या कसल्यातरी वर्गालाही. कॉलेजने त्यांना कधी काढलं नाही. काढायला कँटीनमध्ये यावं लागलं असतं, आणि आलं की खावं लागलं असतं. डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्या अमरावतीला परत गेल्या. मी विमानतळावर गेले होते. आता तरी, असं माझ्या मनात आलंच. त्यांनी माझ्या हातात डबा दिला. भरलेला.

तो डबा अजून प्रेसमध्ये आहे. परत करायचा तर अमरावतीला जायला हवं, आणि रिकामा नेता येत नाही.

ताई आता ऐंशीच्या पुढे आहेत. दर बुधवारी त्यांचा फोन येतोच. वर्ष झालं, त्यांचे दात गेले, कवळी बसत नाही म्हणून वैतागून ठेवून दिली. आता त्या म्हणतात, “तू खा. मी ऐकते.” मग मी, बहात्तर वर्षांची बाई, फोन तोंडाजवळ धरून चकली चावते.

परवा नात सोफ्यावरून हे बघत होती. ही सगळी गोष्ट माझी तिला सांगून झाली होती. तिने कानातला इयरफोन काढला आणि विचारलं, “आजी, व्हाय डोंट यू जस्ट लीव्ह?”

मी तिला हाताने थांब म्हटलं. अमरावतीकडून अजून निकाल आला नव्हता. मग पलीकडून खात्रीचा, ठाम आवाज आला.

“मऊ.”